‘नाही दुखत’ म्हणणारी मुले

दरवर्षी १४ एप्रिलच्या वक्तृत्व स्पर्धेत आपल्या शाळेतील एखादा विद्यार्थी अमरावतीच्या वऱ्हाड परिषदेचा प्रसंग हमखास सांगतो. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात ती परिषद भरली होती. अंबादेवी मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटलेला होता. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि त्यांचे थोरले बंधू बाळाराम यांचे आदल्याच दिवशी मुंबईत निधन झाले होते. परिषदेने दुखवट्याचा ठराव केला आणि कामकाज पुढे चालू राहिले. प्रसंग एवढाच आहे. विद्यार्थी मात्र त्यात स्वतःचे एक वाक्य घालतो : बाबासाहेबांच्या डोळ्यांतून टिपूसही आले नाही. त्यावर टाळ्यांचा कडकडाट होतो. परिषदेचा ठराव अध्यक्षांच्या डोळ्यांविषयी काही सांगत नाही, हे परीक्षकांच्या लक्षात येत नाही, आणि आले तरी तेही टाळ्या वाजवतात.

दुसरी गोष्ट गाडगेबाबांची. बाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. कीर्तन चालू असताना एकुलत्या एका मुलाच्या, गोविंदाच्या, मृत्यूची बातमी आली आणि बाबांनी कीर्तन थांबवले नाही, ही गोष्ट वऱ्हाडातल्या लहान लेकरालाही ठाऊक असते. परंतु ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेल्याचे कळल्यावर हाच वृद्ध संत किती खचला, याची आठवण आपले जुने लोक सांगत, ती गोष्ट मंचावर येत नाही. बाबासाहेबांनंतर अवघ्या १४ दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ गाडगेबाबांचा प्राण गेला. ही तारीख आम्ही फळ्यावर लिहितो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

मोठ्या माणसांच्या चरित्रातला कोरड्या डोळ्यांचा भाग तेवढा वेचून मुलांसमोर ठेवायचा आणि ओल्या डोळ्यांचा भाग गाळायचा, ही निवड आपण करतो. आपण म्हणजे शिक्षक, पालक, कार्यकर्ते, वक्ते. मुलगे घरात आणि वसतिगृहात आपले दुःख लपवायला कसे शिकतात, याची चर्चा हल्ली शहरांतील मानसतज्ज्ञ करतात. परंतु आपल्या समाजापुरते पाहिले तर त्या शिक्षणाचे एक केंद्र आपले जयंतीचे व्यासपीठही आहे, असे माझे मत आहे. ते मत येथे थोडे विस्ताराने मांडतो.

प्रथम गाळलेला भाग पाहू. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्याशा आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी १९१७ चा बडोद्याचा प्रसंग स्वतः लिहिला आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला २६ वर्षांचा तरुण, बडोदा संस्थानचा अधिकारी, पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहतो. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दाराशी उभे राहतात. तो गयावया करतो, एका आठवड्याची सवलत मागतो आणि ती नाकारली जाते. हिंदू मित्र आणि ख्रिस्ती मित्र, दोघेही आपापल्या परीने असमर्थता दाखवतात. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ तो कामाठी बागेत बसून काढतो. तेथे त्याला आईवडिलांची आठवण येते, एकाकी पडलेल्या लहान मुलांना यावी तशी. ही उपमा माझी नव्हे, त्यांनीच ती योजली आहे. आई भीमाबाई त्यांच्या बालपणीच गेल्या होत्या आणि वडील रामजी १९१३ मध्ये. म्हणजे त्या बागेत बसून ज्यांना आठवावे त्या दोघांपैकी कोणीही हयात नव्हते. पुढे ते लिहितात की, १८ वर्षे उलटली तरी ते दृश्य आठवले की डोळ्यांत पाणी आल्यावाचून राहत नाही. हे लिहिणारा माणूस तोवर गोलमेज परिषदा गाजवून आला होता, पुणे करारावर त्याची सही होऊन गेली होती. आपल्या अश्रूंची नोंद करण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

१९२६ मध्ये धाकटा मुलगा राजरत्न गेला. त्यानंतर दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी तीन मुलगे आणि एक मुलगी पुरल्याचे दुःख मोकळ्या शब्दांत मांडले आहे. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या तेव्हा त्यांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतले आणि लहान मुलासारखा शोक केला, असे धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. पाच वर्षांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा राजकीय युक्तिवादाचा रुक्ष ग्रंथ निघाला, त्याची अर्पणपत्रिका ‘रामू’च्या नावे आहे. फाळणीच्या प्रश्नावरील ग्रंथावर पत्नीचे घरगुती नाव छापणारे किती पुढारी त्या काळी होते?

आता प्रश्न असा की, हा सर्व भाग आपल्याच लोकांनी का गाळला? याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय वडीलधाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

आपल्या आजे-पणज्यांच्या काळात गावगाड्यात अश्रूंचा एकच उपयोग उरला होता : अर्ज. जोहार घालायचा, पागोटे पायाशी ठेवायचे, डोळ्यांत पाणी आणायचे आणि धान्याचे चार पसे मागायचे. साठी उलटलेल्या कोतवालाला पाटलाचे आठ वर्षांचे पोर ‘अरे’ म्हणून हाक मारी आणि रामजीचा ‘राम्या’ करी. ज्या समाजातील पुरुषाला म्हातारपणीही पुरुष म्हणून, प्रौढ म्हणून मान मिळत नव्हता, त्याच्या दृष्टीने रडणे म्हणजे शोक नव्हता, ती लाचारीची खूण होती. त्यात इंग्रजी अमदानीत एक नवे दुःख आले. मुंबई इलाख्याच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महारांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढाऊ जाती’च्या यादीतून वगळून भरतीची दारे बंद करण्यात आली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. दार पक्के उघडून महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. म्हणजे पुरुषार्थ हा आपल्याकडे कोणी वारशाने दिलेला दागिना नव्हता. तो हिरावला गेला होता आणि झगडून परत घ्यावा लागला होता. महाडचे तळे, अमरावतीची परिषद, समता सैनिक दलाचा गणवेश, या साऱ्यांत ताठ कणा आणि कोरडे डोळे एकत्र आले. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तर जुने सारे टाकायचे होते. देव टाकले, पडकी कामे टाकली, जोहार टाकला. त्याच गाठोड्यात रडणेही बांधले गेले.

म्हणून शेळी आणि सिंहाचा दाखला ज्या बापाने मुलाला दिला, त्याच्या मनात क्रूरता नव्हती. आपले पोर पुन्हा कोणाच्या दारात हात पसरून उभे राहू नये, एवढीच त्याची धडपड होती. पण अन्यायापुढे न रडणे आणि आईच्या आठवणीने न रडणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीत स्वाभिमान आहे. दुसरीत काय आहे, ते आपल्या वसतिगृहात येऊन पाहावे.

जूनच्या अखेरीस वऱ्हाडातील शाळा उघडतात. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा, बार्शीटाकळी, चांदूरबाजार अशा भागांतून पाचवी-सहावीची मुले पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन येतात. पहिल्या आठवड्यात काही मुले उघडपणे रडतात. मग वरच्या वर्गातील कोणी तरी म्हणतो, “काहून रडतं बे पोरीवानी?” या एका वाक्यात दोन धडे आहेत. रडणे वाईट, हा पहिला आणि मुलगी असणे कमी प्रतीचे, हा दुसरा. पंधरा दिवसांत उघडे रडणे संपते. ते बंद होते असे मात्र नव्हे. नळ सोडून न्हाणीघरात रडणारी मुले असतात. पांघरुणात तोंड खुपसून रडणारी असतात. आणि मोठी संख्या अशांची असते की ज्यांचे पोट दुखू लागते. पोटदुखी हे मुलग्यांना मान्य असलेले दुःख आहे. तिला गोळी मिळते, एक दिवसाची सुट्टी मिळते, कोणी हसत नाही. श्रावणात, म्हणजे गावाकडे सणावारांची गजबज असते तेव्हा, पोटदुखीचे रुग्ण का वाढतात, हे आपल्या स्वयंपाकघरातील मावशी शिक्षकांपेक्षा आधी ओळखतात. आणि ही मुले आठवी-नववीत गेली की पोटदुखीही संपते. मग उरतो राग. राग मात्र मुलग्याला कोणी नाकारत नाही. खिडकीची काच फुटते, लहान मुलाच्या कानशिलात बसते, आणि आपण शिस्तभंगाची नोंद करतो. त्या नोंदवहीत ‘कारण’ असा रकाना नाही.

भेटीच्या रविवारी पालक येतात. आई असली तर ती मुलाच्या तोंडावरून हात फिरवून बोटे कडाकडा मोडते, डब्यातले ठेचा-भाकर भरवते, रडते आणि त्यालाही थोडे रडू देते. एकटा बाप आला तर दोघे निंबाखाली बसतात. बाप विचारतो, “पैसे पुरले काय?” मुलगा म्हणतो, “हो.” बाप म्हणतो, “अभ्यास करजो.” मग बराच वेळ दोघे फाटकाकडे पाहत राहतात. पन्नास-शंभर किलोमीटर एसटीचा प्रवास करून, दिवसाची मजुरी बुडवून आलेला हा माणूस मुलावर प्रेम करत नाही, असे कोण म्हणेल? त्याच्याकडे प्रेम आहे, शब्द नाहीत. कारण त्याच्या बापानेही त्याला एवढेच दोन प्रश्न विचारले होते.

आपले पुरुष बोलत नाहीत, असेही सरसकट म्हणता येत नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले आणि त्यानंतर दहा-पंधरा वर्षे आपल्या लेखकांनी मराठी वाचकाला आपले अंतरंग उघडे करून दाखवले. पण पुस्तकात उघडे होणे आणि घरात उघडे होणे यांत अंतर आहे. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले तेव्हा ते लेखन कित्येक वर्षे घरातल्या पुरुषांपासून लपवून ठेवावे लागले, आणि बाहेर मार खाल्लेला पुरुष घरात येऊन कोणाला मारतो, हेही त्यांनी लिहून ठेवले. न रडलेल्या दुःखाचे देणे घरातल्या बाईला फेडावे लागते. याचा उल्लेख आपल्या स्मरणिकांत क्वचितच येतो, म्हणून येथे केला.

शिवारातली स्थिती वेगळी नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम हे आपले पाच आणि वर्धा मिळून सहा जिल्ह्यांसाठी १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहनसिंगांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, तेव्हापासून ‘शेतकरी आत्महत्या’ हा शब्द वऱ्हाडाच्या नावाला चिकटला आहे. त्यामागची कारणे कर्ज, कोरडवाहू शेती, कापसाचा भाव आणि लहरी पाऊस ही आहेत. रडल्याने कर्ज फिटते, असे मला म्हणायचे नाही. शासनाने आपली जबाबदारी ‘मानसिक आरोग्य’ या शब्दाआड लपवू नये, हेही स्पष्ट सांगतो. तरीही एक गोष्ट उरतेच. कर्ज घरावर असते, नापिकी कुटुंबाची असते, पण जीव देणाऱ्यांत पुरुष फार अधिक असतात. देशभराचा २०२१ चा सरकारी आकडा पाहा : आत्महत्या १,६४,०३३, त्यांत पुरुष १,१८,९७९. त्याच छपराखाली, त्याच कर्जात, विधवा झालेली बाई पुढे वीस वर्षे रोजमजुरी करून लेकरे वाढवते. तिच्या अंगी जास्त बळ असते, असे म्हणून तिचे गोडवे गाणे सोपे आहे. मला दिसते ते असे की, तिला निंदणाच्या पातीवर शेजारणीजवळ रडता येते, जात्यावर पूर्वी गाता येत होते. त्याला पानटपरीवर फक्त ‘टेन्शन’ हा शब्द आहे. सावकाराचा तगादा टेन्शन, मुलीचे लग्न टेन्शन, बाप वारल्याचे दुःखही टेन्शन. एवढ्या एका शब्दावर आपला पुरुष आयुष्य काढतो. गावातली आशाताई अंगणात येऊन झोप लागते का, जेवण जाते का, असे विचारते तेव्हा तो म्हणतो, “मले काय होते? टनाटन आहो.” खरे उत्तर दारामागे उभी असलेली बायको देते.

यावर काही होऊ शकते का? होऊ शकते, आणि ते अमरावती जिल्ह्यातच झाले आहे. ‘विश्राम’ या नावाचा कार्यक्रम जिल्ह्यातील ३० गावांत राबवला गेला. गावपातळीवरचे साधे कार्यकर्ते घरोघर जाऊन लोकांशी बोलत, ऐकून घेत आणि गरज असेल तेथे डॉक्टरांपर्यंत पोहोचवत. त्याचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी शेकडा ४.३ होते, ते २७.२ झाले. शंभरातले सत्तावीस ही संख्या मोठी नव्हे. पण ज्या गावांत शंभरातले चारच जण तोंड उघडत होते, तेथे आणखी तेवीस जण बोलू लागले, हा फरक मला मोठा वाटतो.

आपल्यापैकी काही उपासक येथे एक आक्षेप घेतील, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. महापरिनिब्बान सुत्तात, तथागतांच्या निर्वाणाच्या वेळी जे भिक्खू वीतराग नव्हते ते रडले आणि जे वीतराग होते ते स्मृतिमान राहिले, असे सांगितले आहे. मग न रडणे हाच आदर्श ठरत नाही काय? माझे उत्तर असे की, ते सुत्त पूर्ण वाचावे. आनंद विहारात जातो आणि दाराचा आधार घेऊन रडतो. तथागत विचारतात, आनंद कोठे आहे? ते त्याला निरोप पाठवून बोलावून घेतात, जवळ बसवतात, वियोग अटळ असल्याचे पुन्हा समजावतात, आणि मग सर्व भिक्खूंसमोर त्याने केलेल्या मैत्रीपूर्ण सेवेची प्रशंसा करतात. रडल्याबद्दल त्याला कोणी लाजवत नाही. अर्हताचे शांत डोळे दुःख पाहून, ओळखून, पार करून आलेले असतात. अकरा वर्षांच्या मुलाचे कोरडे डोळे भीतीने सुकलेले असतात. दोन्ही डोळे कोरडेच दिसतात, म्हणून ते एक समजायचे काय? धम्माचे पहिले आर्यसत्य ‘दुःख आहे’ असे सांगते. वेदनानुपस्सनेत सुखद वेदना सुखद म्हणून आणि दुःखद वेदना दुःखद म्हणून जाणायची असते. आपण संध्याकाळी वंदनेला मुलांना रांगेत बसवतो, आणि वंदना संपल्यावर गुडघा फुटलेला मुलगा “नाही दुखत सर” म्हणाला की त्याची पाठ थोपटतो. पहिल्या आर्यसत्याच्या विरुद्ध दिलेल्या साक्षीबद्दलचे ते बक्षीस असते.

इतिहासात याहून मोठा दाखला सम्राट अशोकाचा आहे. कलिंगयुद्धात एक लाख माणसे मेली, दीड लाख नेली गेली, आणि आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो, असे त्याने तेराव्या शिलालेखात कोरून ठेवले. जिंकलेल्या राजाने आपले दुःख दगडावर कोरावे, असे उदाहरण जगाच्या इतिहासात शोधावे लागते. (जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, धौली आणि जौगड येथे, प्रत्यक्ष कलिंगाच्या भूमीत, हा तेरावा लेख नाही. ज्यांच्यापुढे बोलणे सर्वांत कठीण, त्यांच्यापुढे सम्राटही बोलला नाही असे दिसते. निंबाखाली बसलेल्या बापाला आपण फार नावे ठेवू नयेत.)

ही स्मरणिका माजी विद्यार्थ्यांच्या हाती जाईल, देणग्याही येतील. नव्या प्रवेशद्वाराची आणि व्यायामशाळेची चर्चा कानावर आहे. दोन्हींना माझा विरोध नाही. पण त्याच निधीतून आठवड्यातले दोन दिवस तरी एखाद्या प्रशिक्षित समुपदेशकाला शाळेत आणावे आणि अधीक्षकांनाही त्या विषयाचे प्रशिक्षण द्यावे, अशी माझी संस्थेला जाहीर विनंती आहे. १४४१६ हा शासनाच्या टेलिमानस सेवेचा निःशुल्क क्रमांक वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर लिहिला जावा. आणि जे माजी विद्यार्थी आज तहसीलदार, अभियंता, प्राध्यापक म्हणून मेळाव्याला येतात, त्यांनी आपल्या यशाबरोबर पहिल्या जूनच्या रात्रीविषयीही बोलावे. मोटारीतून उतरलेला, कोट घातलेला माणूस “मी याच खोलीत रडत होतो” असे म्हणाला, तर समोर मांडी घालून बसलेल्या दोनशे मुलांवर त्याचा जो परिणाम होईल, तो माझ्या इतिहासाच्या तासाने होणार नाही.

एक काम मात्र देणगीशिवाय आणि याच आठवड्यात होण्यासारखे आहे. वसतिगृहाचा टेलिफोन कार्यालयाच्या टेबलावर आहे. रविवारी मुले रांगेत उभी राहतात आणि प्रत्येकाला दोन मिनिटे मिळतात. मागे वीस मुले, समोर लिपिक, बाजूला शिपाई. पलीकडून माय विचारते, “बरा आहेस ना बाबू?” एवढ्या माणसांदेखत मुलगा “हो” याशिवाय दुसरे काय म्हणणार? कार्यालयाला लागून जुन्या नकाशांची आणि कवायतीच्या सामानाची एक लहानशी खोली आहे. तिला दार आहे, आतून कडी आहे, एक खुर्ची मावते. टेलिफोनची तार तेथपर्यंत पोहोचते, मी मोजून पाहिली आहे.